खालच्या बागेतले घड

१

द्राक्षं निर्दोष निघाली आणि ज्योत्स्ना भोये गुन्हेगार ठरली.

प्रयोगशाळेचा अहवाल सकाळी आला. शोधनिधीच्या कचेरीत, म्हणजे कॉलेज रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, ललिता देवरेंनी तो दोनदा वाचला. शिसं नाही, क्रोमियम नाही, काही म्हणजे काही नाही. असली द्राक्षं तान्ह्या पोराच्या हातात खुशाल द्यावीत.

ललिताताईंचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. उभी हयात त्यांनी विमा कंपनीसाठी नुकसानीच्या पाहण्या करण्यात घालवली होती. गारपिटीने झोडपलेल्या बागा, ‘आपोआप’ पेटलेली गोदामं, दुसऱ्याच दिवशी बाजारात दिसलेल्या ‘मेलेल्या’ म्हशी. शेजारीण साखर मागायला आली, तर त्या आधी तिच्या वाटीकडे बघत आणि मग तिच्या तोंडाकडे. निवृत्तीनंतर शोधनिधीने त्यांना बोलावून घेतलं ते याच गुणासाठी.

निधी तसा लहानसाच. प्रदूषणाच्या भानगडी खणणाऱ्या बातमीदारावर वर्तमानपत्रं खर्च करत नाहीत, कारण ज्यांच्या भानगडी त्यांच्याच जाहिराती. म्हणून नाशिकच्या काही डॉक्टरांनी, शिक्षकांनी, बागायतदारांनी वर्गणी काढून ही सोय केली होती: प्रवास, तपासण्या, वेळ पडली तर वकील. नियम दोन, आणि दोन्ही ललिताताईंना मनापासून पटलेले. आपण काय शोधतोय हे बातमीदाराने गावात कोणालाही सांगायचं नाही. आणि निधीतल्या कोणालाही, मग तो कितीही मोठा देणगीदार असो, गावाचं नाव कळू द्यायचं नाही. नाव ठाऊक होतं ते फक्त ज्योत्स्नाला आणि ललिताताईंना.

ज्योत्स्ना मूळची कळवणकडची, लग्न होऊन नाशिकला आलेली, मुलखाची चिवट. वर्षभर ती शुभ्रधारा नावाच्या कंपनीच्या मागावर होती. कारखान्यांचा रासायनिक गाळ ही कंपनी शुद्ध करायला म्हणून नेई, साहेबलोकांकडून तो शुद्ध केल्याचे दाखले मिळवी, आणि गाळ मात्र एका बंद पडलेल्या दगडखाणीत ओतून मोकळी होई. खाणीखालच्या विहिरीचं पाणी तपासलं, ते विषारी निघालं; गावाचं नाव न घेता तिने तसं छापलं. कंपनी म्हणाली, बाईनेच बाटलीत काहीतरी ओतलं. तेव्हा ज्योत्स्नाने त्याच विहिरीवरच्या बागेतली द्राक्षं आणली. द्राक्षाच्या मण्यात बाहेरून काही ओतता येत नाही. हा पुरावा कोणी खोडू शकणार नव्हतं.

आणि तोच पुरावा उलटला होता. कंपनीची नोटीस टेबलावर पडली होती: जाहीर माफी मागा, नाहीतर कोर्टात या. संध्याकाळी समितीची बैठक होती. माफीचं पत्र गेलं की ज्योत्स्नाला कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि टँकर त्या खाणीत बिनघोर रिकामे होणार होते.

"ताई, मी ती विहीर डोळ्यांनी पाहिलीय," ज्योत्स्ना म्हणाली. "पाण्यावर तेलकट तवंग असतो. त्या पाण्यावरची द्राक्षं इतकी स्वच्छ निघूच शकत नाहीत."

"मग ती कोणीतरी बदलली," ललिताताई म्हणाल्या. "ज्यांच्या ज्यांच्या हातातून ती गेली, ते सगळे माझ्या संशयात. तुला धरून."

२

द्राक्षांची खोकी दोन होती, दोन्ही कापडात शिवून लाखेची मोहोर केलेली. एक ज्योत्स्नाने स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं. तपासणीला द्यायचं खोकं, त्या दिवशी प्रयोगशाळेला सुट्टी म्हणून, पिंपळगाव बसवंतला सोमनाथ विधातेंच्या शीतगृहात राहिलं. तिथून ते निधीचे सल्लागार महेश कासार यांनी आपल्या गाडीतून प्रयोगशाळेत पोचवलं.

सोमनाथ हे निधीचे सर्वांत मोठे देणगीदार आणि द्राक्षांचे निर्यातदार. ललिताताई पोचल्या तेव्हा त्यांच्या शेडमध्ये ओळीने बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या एका हातात देठाला धरलेला घड, दुसऱ्या हातात कात्री. बारका, डागी मणी दिसला की कट.

"सोमनाथभाऊ, द्राक्षात विष सापडलं असं छापून आलं असतं तर तुमचं काय झालं असतं?"

"माझं एकट्याचं?" सोमनाथ हसले, पण तोंडापुरतंच. "अख्ख्या पट्ट्याचं वाटोळं झालं असतं, ताई. परदेशातलं गिऱ्हाईक गाव बघत नाही, नाशिक बघतं."

"म्हणजे द्राक्षं स्वच्छ निघाली हे तुमच्या पथ्यावरच पडलं."

"पडलं. खोटं कशाला बोलू? निधीला पैसे देताना वाटलं होतं, कारखानेवाल्यांचं पितळ उघडं पडेल. ही पोर थेट द्राक्षाच्या घडापर्यंत येईल असं कुठे ठाऊक होतं? पण ताई, खोक्याला मी हात लावलेला नाही. मोहोर शाबूत होती, प्रयोगशाळेनेच तसं लिहून दिलंय."

"मोहोर दुसरी करता येते."

सोमनाथांचा चेहरा लाल झाला. ललिताताई निघाल्या तेव्हा ते फाटकापर्यंत मागे आले आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "माझ्या मागे लागण्यापेक्षा महेशरावांना एक विचारा. शुभ्रधाराला खाण वापरायची परवानगी कोणाच्या सहीने मिळाली?"

३

महेश कासार सरकारी खात्यातून निवृत्त होऊन इंदिरानगरला राहत होते. निधीला तांत्रिक सल्ला तेच देत, प्रयोगशाळा त्यांनीच ठरवली होती. ललिताताईंचा प्रश्न ऐकून त्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"सोमनाथने सांगितलं ना? माझीच सही. कंपनीच्या नावाने एक कागद आला, खाणीत माती भरायचीय म्हणून. वरून फोनही आला. मी जागा न बघता, गावाचं नावही न वाचता सही केली."

"आणि समितीला हे सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर मला निधीत घेतलं असतं का? ताई, मला ती कंपनी उघडी पडायला हवीय. माझं नाव बाहेर आलं तरी चालेल."

असं म्हणणारे पुष्कळ लोक ललिताताईंनी पाहिले होते. गोदाम पेटवून वर सगळ्यांत आधी बादली घेऊन धावणारेही पाहिले होते.

महेशरावांनी चिमूट ओठाखाली सोडली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण ज्योत्स्नाच्या फ्रीजमधलं दुसरं खोकं आहे ना? प्रयोगशाळेने परत केलेले उरलेले घड आणि ते खोकं शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीत वेगळी द्राक्षं निघाली, तर चोर मी किंवा सोमनाथ. सारखीच निघाली, तर…"

ललिताताईंनीच वाक्य पुरं केलं. "तर ज्योत्स्ना."

४

दुपारी कचेरीत चौघं जमले. ललिताताईंनी दुसऱ्या खोक्याची मोहोर सगळ्यांदेखत फोडली आणि घड काढून प्रयोगशाळेतून परत आलेल्या घडांशेजारी मांडले.

सोमनाथांनी एक घड देठाला धरून उजेडात फिरवला, मग दुसऱ्या ढिगातला. "एकाच झाडाचे म्हणा ना. तोच रंग, तोच आकार. आणि हे बघा, बारके मणी कात्रीने काढून टाकलेत. अगदी साजशृंगार केलाय. नमुना म्हणून न्यायचे घड असे कोण निवडत बसतं?"

दुसरं खोकं ज्योत्स्नाच्या घराबाहेर गेलंच नव्हतं. म्हणजे अदलाबदल झाली ती मोहोर लागण्याच्या आधीच.

"हे घड तू स्वतः तोडलेस?" ललिताताईंनी विचारलं.

"हो."

"कशाने?"

"हाताने."

ललिताताईंनी एक देठ तिच्यासमोर धरला. कापलेलं टोक साफ, सरळ होतं. "हाताने तोडलं की देठ पिचतो, साल लोंबतं. ही कात्री आहे. आता खरं सांग, पोरी. कंपनीने तुला काय देऊ केलं?"

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. "काही नाही! मी तोडले नाहीत, एवढंच खोटं बोलले. कोणाला काही सांगायचं नाही हा तुमचाच नियम ना? मी कात्री घेऊन त्या बागेत शिरले असते, तर बागेच्या मालकांनी, गोरक्षभाऊंनी विचारलं असतं, कशाला म्हणून. म्हणून त्यांच्या बायकोला, लंकाबाईंना म्हटलं, खालच्या बागेतले थोडे घड द्या, न्यायचेत. विहिरीचं पाणी त्याच बागेला जातं. त्या कात्री घेऊन गेल्या आणि घड घेऊन आल्या. मी ओट्यावर चहा पीत होते."

"संपलं मग," सोमनाथ मोकळा श्वास सोडत म्हणाले. "बाईला कंपनीने फितवलं. खेड्यातली बाई, दिलं असेल काहीतरी हातात."

महेशरावांनीही मान डोलावली. इथे हजर नसलेल्या कोणावर तरी बालंट आल्याचं दोघांना किती बरं वाटलं, ते ललिताताईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्या घडांवर वाकल्या होत्या. एका देठावर पिवळा ठिपका होता.

"हे काय?"

"गंधक," सोमनाथ न बघताच म्हणाले. "भुरीचा रोग पडू नये म्हणून बागेवर मारतात."

"बागेवर मारलेलं गंधक सगळ्या घडांवर दिसेल. हे एकाच देठावर आहे, आणि नेमकं बोटाच्या पेराएवढं." ललिताताईंनी हात पुढे केला. "महेशराव, तुमची चुन्याची डबी द्या."

त्यांनी काडीच्या टोकाने चुना घेतला आणि ओल्या बोटाने त्या ठिपक्यावर चोळला. गंधक पिवळं ते पिवळंच राहिलं असतं. ठिपका बघता बघता लालभडक झाला.

"हळद," ललिताताई म्हणाल्या. "हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं. ज्योत्स्ना, लंकाबाईंनी तुला हे घड दिले कसे? पिशवीत घालून?"

"नाही…" ज्योत्स्ना आठवू लागली. "मला कुंकू लावलं. एका घडालाही हळद-कुंकू वाहिलं आणि सगळे ओटीत घातले. पहिल्यांदाच घरी आलीस, म्हणाल्या. त्याचा इथे काय संबंध?"

"तोच तर संबंध आहे. लाच खाऊन माल बदलणारी बाई ओटी भरत बसत नाही."

"म्हणजे चोर कोणीच नाही?" महेशरावांनी विचारलं.

"असं मी कुठे म्हटलं?" ललिताताईंनी पर्स उचलली. "सोमनाथभाऊ, गाडी काढा."

५

चौघांना घेऊन गाडी हायवेला लागल्यावर सोमनाथांनी विचारलं, "जायचंय कुठे?"

नियम मोडायची वेळ आली होती. ललिताताई म्हणाल्या, "शिरसमाळ."

सोमनाथांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, इतकं की मागून एका टेम्पोने हॉर्न मारला. त्यानंतर ओझर मागे पडलं तरी त्यांच्या तोंडून शब्द नाही. सकाळपासून ज्याच्या जिभेला विसावा नव्हता, तो माणूस असा गप्प झालेला ललिताताईंना मुळीच आवडला नाही.

शिरसमाळचं घर बागेतच होतं. टेकाडावर वरची बाग, उतारावर खालची, आणि पलीकडे ती पांढुरकी खाण. लंकाबाई दारातच भेटल्या, पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. ज्योत्स्नाला पाहून त्यांचा चेहरा फुलला. गोरक्ष मात्र गाडीतून उतरलेल्या सोमनाथांना बघून जागच्या जागी थांबले.

ललिताताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "लंकाबाई, या पोरीने तुमच्याकडे खालच्या बागेतली द्राक्षं मागितली होती. तुम्ही कुठली दिलीत?"

लंकाबाई ओशाळून हसल्या. "वरच्या बागंतली दिली. तिला कॅनॉलचं पानी हाय."

"पण का, मावशी?" ज्योत्स्ना जवळजवळ ओरडलीच. "मी खालची म्हटलं होतं ना?"

"आगं, पयल्यांदा दारात आलेली लेक तू. तुझ्या वटीत खालची घालू? त्या हिरीच्या पान्याचं काय झालंय, तू सोता बघितलं. आमी नातवाला बी त्या बागंतला मनी चाखू देत नाय. पाखरं बी लय येत नाय तिकडं. मंग चांगले घड निवडले, मनी काढून साफ केले, अन् दिले."

"मी ते खायला नव्हते नेत. तपासायला नेत होते! त्यात विष निघालं असतं तर खाण बंद झाली असती!"

लंकाबाईंचं हसू मावळलं. "मंग तसं बोलायचं ना, बाई. तू म्हनली, न्यायला द्या. मला वाटलं, घरी लेकराला खायला. सांगितलं आसतं तर पाटी भरून दिली आसती."

साधं, सरळ उत्तर होतं. ललिताताईंना स्वतःचीच चीड आली. कोणावर विश्वास ठेवायचा नाही असा नियम करून त्यांनी ज्योत्स्नाचं तोंड बांधलं होतं, आणि त्यानेच सगळा घोळ झाला होता. कंपनीने काही केलं नव्हतं, निधीतल्या कोणी काही केलं नव्हतं. एका बाईने पाहुणीला विष द्यायचं नाकारलं होतं, एवढंच.

ज्योत्स्ना रडता रडता हसायला लागली. महेशरावांनी समितीला फोन लावला: माफीचं पत्र थांबवा, नवे नमुने येताहेत.

ललिताताई हसल्या नाहीत. त्या खालच्या बागेकडे बघत होत्या. तिथल्या अर्ध्या वेली रिकाम्या होत्या.

६

"लंकाबाई," त्या म्हणाल्या, "नातवाला त्यातला मणी देत नाही. पाहुणीला देत नाही. मग या बागेतला माल जातो कुठे?"

लंकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गोरक्षांनी जमिनीकडे पाहिलं.

"इकतो," ते अखेर म्हणाले. "न इकून काय करू? मी तरी कोनाला सांगू? तालुक्याला आर्ज दिला, साहेब येऊन गेला, पानी चांगलं हाय म्हनला. कागुद बी दिला. पयला तोडा परवा गेला. उद्या दुसरा."

"घेतो कोण?"

"ह्यांनाच इचारा की." गोरक्षांनी हनुवटीने सोमनाथांकडे खूण केली. "शेठ, तुमचाच मानूस येतो ना?"

आता ललिताताईंना गाडीतल्या त्या गप्प बसण्याचा उलगडा झाला.

"मला गावच ठाऊक नव्हतं!" सोमनाथ म्हणाले. "तुमच्याच नियमाने मला सांगितलं नाही. आमची माणसं पन्नास गावांतून माल उचलतात. फवारणीच्या औषधांचा अंश राहिला की काय ते आम्ही तपासतो. धातू कोण तपासतंय?"

"गाडीत गाव कळलं," ललिताताई म्हणाल्या. "त्यानंतर चांगला अर्धा तास होता तुमच्या हातात."

सोमनाथ ज्योत्स्नाकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला होता. "ज्योत्स्नाताई, खाणीचं लिहा. कंपनीचं लिहा, साहेबांचं लिहा. या निधीत मी काय कमी केलंय? माझ्या शेडचं नाव तेवढं टाळता नाही का येणार?"

ज्या पैशांवर ज्योत्स्नाने वर्षभर एसटीची तिकिटं काढली होती, ते याच माणसाचे होते.

"त्यांचं टाळनार आसाल तर आमचं बी टाळा," गोरक्ष म्हणाले. "आमची तर सारी जिनगानीच ह्या बागंत हाय."

"कोनाचंच टाळू नका," लंकाबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याशी बोलत होत्या, पण नजर खाली होती. "मी हिला दिलं नाय, अन् पेट्या भरून लोकांच्या लेकरान्ला धाडलं. ते माझ्या ध्यानात यायला पायजे होतं. आलं बी होतं. मी बोलले नाय." त्यांनी खुंटीवरची कात्री काढली आणि ज्योत्स्नाच्या हातात दिली. "चल. तू तोड. मी वाट दावते."

गोरक्ष आडवे येतील असं ललिताताईंना वाटलं होतं. ते बाजूला सरले. दोघी बायका उतार उतरून खालच्या बागेत शिरल्या.

"परवाचा माल कुठे आहे?" ललिताताईंनी सोमनाथांना विचारलं.

"शेडवर. कंटेनर भरून उभा आहे. संध्याकाळी निघेल."

"फोन लावा."

"घरी गेल्यावर सगळं व्यवस्थित बघतो, ताई. शब्द देतो."

"तुमचा शब्द राहू द्या. आत्ता, माझ्यासमोर, स्पीकरवर."

सोमनाथांनी घाम पुसला. महेशरावांकडे पाहिलं, त्यांनी मान फिरवली. मग त्यांनी नंबर लावला. पलीकडून शेडवरच्या माणसाचा आवाज आला, मागे बायकांची गडबड ऐकू येत होती.

"शिरसमाळचा माल उतरव," सोमनाथ म्हणाले.

"शेठ, सील झालंय. गाडीवाला निघायच्या बेतात आहे. गिऱ्हाइकाला काय सांगू?"

खालून कात्रीचा आवाज येत होता. ललिताताईंनी सोमनाथांवरची नजर हलवली नाही.

"सील फोड," ते म्हणाले. "एकही पेटी जाता कामा नये. गिऱ्हाइकाला सांग, माल विषारी आहे."

फोन बंद झाला. गोरक्ष ओट्यावर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. उद्याचा तोडा आता कोणीच नेणार नव्हतं, आणि या वर्षी घरात दुसरं काही येणार नव्हतं. ललिताताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.